बिल शून्य असलेल्या मीटरवर बिटकॉइनचं मशीन: एका रिकाम्या गोठ्याचा हिशेब

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. लिहायला थोडं लांबेल, पण पूर्ण वाचून मत द्या.

दिवाळीत आत्येभाऊ नागपूरहून आला होता. वावरात फिरताना विहिरीजवळच्या रिकाम्या गोठ्यापाशी थांबला. बैलजोडी विकल्यापासून त्यात स्प्रिंकलरचे पाइप आणि जुनी पोती पडून आहेत. म्हणाला, "हा गोठा मला दे. यात बिटकॉइन मायनिंगची चार मशीन लावू. तुझ्या पंपाचं बिल तसंही शून्य येतं. मशीन माझं, वीज तुझी, नफा अर्धा अर्धा."

त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याला कोणीतरी तसं समजावून पाठवलं होतं आणि महिन्याच्या कमाईचा तक्ताही दिला होता. त्या तक्त्यात विजेच्या खर्चाच्या रकान्यात "०" लिहिलं होतं. ते शून्य काही माझ्या डोक्यातून जाईना. मी बीएस्सीपर्यंत शिकलो आहे, म्हणून आठवडाभर रात्री बसून हिशेब मांडला. तोच इथे ठेवतो.

तो जे मशीन आणणार होता ते अँटमायनर एस१९ प्रो. त्याला ३२५० वॅट लागतात. म्हणजे जवळपास साडेचार एचपी. आपल्या भाषेत सांगायचं तर पाच एचपीची मोटार, फक्त पाणी न उपसणारी आणि कधीच बंद न होणारी. आपली मोटार आठ तास चालली तर तीसेक युनिट खाते. हे मशीन चोवीस तासांत ७८ युनिट खातं. एकच मशीन. चारांचे ३१२ युनिट रोजचे.

आता ते काम काय करतं? गणित सोडवतं असं सगळे सांगतात, पण ते शाळेतल्या गणितासारखं नाही. एक आकडा पकडायचा, एका ठरलेल्या सूत्रातून काढायचा, उत्तर पुरेसं लहान आलं का बघायचं, नाही आलं तर दुसरा आकडा. हे मशीन असे सेकंदाला ११० लाख कोटी आकडे तपासतं. ज्याला आधी बरोबर आकडा सापडला त्याने बिटकॉइन या डिजिटल चलनाच्या व्यवहारांच्या वहीचं पुढचं पान लिहायचं आणि बक्षीस घ्यायचं. यालाच मायनिंग म्हणतात. असं एक पान साधारण दहा मिनिटांनी लिहिलं जातं. बाकी सगळ्या जगातल्या मशीननी त्या दहा मिनिटांत जाळलेली वीज वाया.

बक्षीस एप्रिल २०२४ पासून पानाला ३.१२५ बिटकॉइन आहे. दिवसाला साधारण १४४ पानं, म्हणजे साऱ्या जगात मिळून रोजचे ४५० बिटकॉइन. २०२५ मध्ये जगातल्या सगळ्या मशीनची मिळून ताकद सेकंदाला १००० एक्झाहॅशच्या घरात गेली (एक हॅश म्हणजे एका आकड्याची तपासणी, एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख लाख कोटी तपासण्या). त्यात आपल्या मशीनचा वाटा नव्वद लाखांत एक. भागाकार केला तर एका मशीनला एक अख्खं बिटकॉइन मिळायला पंचावन्न वर्षं लागतात, आणि तोवर ते सुमारे पावणेसोळा लाख युनिट खातं. बक्षीस दर चार वर्षांनी निम्मं होतं, ते तर मी धरलंच नाही.

बिटकॉइनचा भाव एक कोटी रुपये धरा. एक कोटीला पावणेसोळा लाखांनी भागा. सहा रुपये आणि काही पैसे. म्हणजे वीज युनिटला सहा रुपयांच्या खाली मिळाली तरच वीजबिलापुरते पैसे सुटतात. मशीनची किंमत, टॅक्स, पंखे वेगळेच. घरच्या मीटरवर लावलं तर महिन्याला २३४० युनिट होतात. २०२४-२५ च्या दरपत्रकात ५०० च्या वरच्या युनिटला १५ रुपयांहून जास्त पडत होते. एका मशीनचं बिल ३५ हजारांच्या वर जातं.

इथे मला ते शून्य कळलं. विकत घेतलेल्या विजेवर हा धंदा आपल्याकडे बसतच नाही. तो बसवायचा तर बिल दुसऱ्या कोणीतरी भरायला पाहिजे. म्हणून त्याला माझा गोठा पाहिजे होता. कारण साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत सरकार भरतं.

माझं काही चुकत असेल तर सांगा. भावाला "नाही" म्हणायचं आहे, पण हिशेब दाखवून म्हणायचं आहे.

तारतंत्री

धुऱ्यावरचा भाऊ, मी वीस वर्षं खांबावर चढून राहिलो. तुमचा हिशेब बरोबर हाय, पण तुम्ही डीपी, म्हंजे वावरातला ट्रान्सफॉर्मर, विसरले.

तुमच्या वावरातली डीपी ६३ केव्हीएची असन. तिच्यावर दहा-बारा मोटारी. आधीच कोणी तीनची सांगून पाचची लावली राहते. त्यावर हे १३ किलोवॅट चढवले तर हरभरा फुलावर असताना डीपी जाते. मागच्या साली आमच्याकडे अशीच गेली, नऊ दिवस लागले दुसरी यायले. मशीनवाल्याचं काय, तो नागपूरले बसला हाय. ज्याचं वावर लाईनच्या शेवटाले, त्याचं पीक वाळते.

दुसरी गोष्ट. या मशीनले २०० ते २४० व्होल्ट पाह्यजे. शेतीच्या लाईनीवर शेवटच्या खांबाले १७० भेटले तरी लोक खूश राहतात. आणि थ्री फेज आपल्याले आठ तास, एक आठवडा दिवसा तं एक आठवडा रात्री. चोवीस तास कोठून आणता? मंग कोणी गावठाणच्या लाईनीवर आकडा टाकते. थे तं सरळ चोरीच. वीज कायदा २००३, कलम १३५, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आकडा नाही टाकला, मीटरातूनच घेतली, तरी शेतीची वीज दुसऱ्या कामाले वापरली म्हणून कलम १२६ लागते. दुप्पट दरानं आकारणी. किती दिवसांपासून वापरली हे नाही कळलं तं मागचं पूर्ण वरीस धरतात. आणि नोटीस तुमच्या नावानं येते भाऊ, कनेक्शन तुमचं हाय.

अकोलेकर_पुण्यात

मी या क्षेत्राजवळच काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. शेतीपंपाच्या विजेवर मायनिंग करणं चूकच, त्यावर वाद नाही. पण त्यावरून पूर्ण बिटकॉइनला विजेचा राक्षस ठरवू नये.

केंब्रिज विद्यापीठाचा २०२५ चा अहवाल बघा. बिटकॉइनचा वर्षाचा विजेचा वापर सुमारे १३८ टेरावॅट-तास (एक टेरावॅट-तास म्हणजे शंभर कोटी युनिट). त्यात ५२.४ टक्के वीज शाश्वत स्रोतांची, म्हणजे जल, वारा, सूर्य आणि अणू धरून. कोळशाचा वाटा ८.९ टक्क्यांवर आला आहे. टेक्सासमध्ये मायनिंगवाले गरजेच्या वेळी मशीन बंद करतात आणि ग्रिडला वीज मोकळी करून देतात. भूतानसारखा देश जलविद्युतवर मायनिंग करतो. शिवाय मशीन दरवर्षी सुधारत आहेत. २०१६-१७ चं एस९ एका टेराहॅशला, म्हणजे एक लाख कोटी तपासण्यांना, शंभराच्या आसपास ज्यूल ऊर्जा खायचं, एस१९ प्रो तीसच्या खाली, एस२१ साडेसतरा. एवढी सुधारणा कुठल्या पंपात झाली?

आणि आपल्याकडे सौर कृषी वाहिनीचे प्रकल्प उभे राहत आहेत. दुपारी वीज जास्त होणार. ती वापरणारं कोणीतरी लागेलच ना?

वर्धाकाठ

अकोलेकर, तुम्ही आकडे नीट मांडलेत म्हणून तुमच्याशी बोलायला आनंद वाटतो. मी तीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या एका वाक्यावर मात्र थांबते: मशीन सुधारतात, म्हणून वीज वाचेल.

पंपाच्या बाबतीत हे खरं आहे. पाणी तेवढंच काढायचं असतं, चांगला पंप कमी विजेत काढतो. बिटकॉइनमध्ये तसं होत नाही, आणि ते मुद्दाम होऊ दिलेलं नाही. पान दहा मिनिटांनीच लिहिलं गेलं पाहिजे असा नियम आहे. दर २०१६ पानांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, बिटकॉइनचं जाळं स्वतःच बघतं की पानं लवकर लिहिली जात आहेत का. तसं असेल तर गणित अवघड करतं. सगळ्यांनी दुप्पट चांगली मशीन आणली की गणित दुप्पट अवघड. पानं तेवढीच, बिटकॉइन तेवढेच. मग वीज किती जळणार हे कशावर ठरतं? बक्षिसाच्या किमतीवर. भाव वाढला की जास्त वीज जाळणं परवडतं, म्हणून जास्त जळते. जुनं मशीन तर भंगारात जातं, कारण ते दुसऱ्या कुठल्याच कामाचं नसतं. त्यात ना मुलांना शिकवता येतं, ना दुकानाचा हिशेब करता येतो.

ही वीज वाया जाते असं धुऱ्यावरचा म्हणाले. मी म्हणेन, ती जाळली गेली आहे हाच त्या वहीचा पहारा आहे. वही खोटी करायची तर तेवढीच वीज पुन्हा जाळावी लागेल, म्हणून कोणी करत नाही. २००८ साली ही कल्पना मांडली गेली तेव्हा ती खरोखर बुद्धीची होती, हे मी मान्य करते. पण पहारा दुसऱ्या रीतीनेही ठेवता येतो. इथेरियम या बिटकॉइनसारख्याच दुसऱ्या जाळ्याने १५ सप्टेंबर २०२२ ला ती पद्धत बदलली. वीज जाळण्याऐवजी स्वतःचे इथर, म्हणजे त्यांचं चलन, तारण ठेवायचे, लबाडी केली तर ते जप्त. त्यांचा विजेचा वापर सुमारे ९९.९५ टक्क्यांनी उतरला आणि इथेरियम आजही चालू आहे. म्हणजे इतकी वीज जाळल्याशिवाय पर्याय नाही, असं म्हणता येत नाही.

राखेकाठचा (चंद्रपूर जिल्हा)

१३८ टेरावॅट-तास म्हणजे किती, हे आमच्या इथून सांगतो. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. सगळे संच वर्षभर एक मिनिटही न थांबता पूर्ण क्षमतेने चालले तर साडेपंचवीस टेरावॅट-तास होतात. तशी पाच केंद्रं अहोरात्र चालवली तरी बिटकॉइनला पुरणार नाहीत.

केंब्रिजचा ८.९ टक्के कोळसा जगाचा आहे. आपल्या तारेत तो नाही. इथल्या ग्रिडवर युनिटमागे ७०० ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड पडतो. धुऱ्यावरचा यांच्या एका मशीनचे ७८ युनिट कोळशावर काढायचे तर रोज पन्नास किलोच्या आसपास कोळसा लागेल. एक पोतं. आपल्या कोळशात राख तीस ते चाळीस टक्के असते. म्हणजे रोज पंधरा-वीस किलो राख, एका मशीनची.

ती राख कुठे जाते ते मी रोज बघतो. आमचं गाव राखेच्या तळ्याच्या खालच्या अंगाला आहे. कोणत्या केंद्राचं ते लिहीत नाही. उन्हाळ्यात वारा सुटला की घरातल्या माठावर कापड दुहेरी बांधावं लागतं. पऱ्हाटी फुटली की बोंडावर करडा थर. व्यापारी कापूस हातात घेऊन चोळतो आणि भाव पाडतो. माझ्या आईला आठ वर्षांपासून दम्याचा पंप लागतो. मी विजेच्या विरोधात नाही. त्या विजेवर दवाखाना चालतो, आईचं नेब्युलायझरही त्यावरच चालतं. कोणाच्या विहिरीतून पाणी निघतं. त्यासाठी राख सोसली, सोसतो. पण सेकंदाला लाखो कोटी आकडे फेकून देण्यासाठी आम्ही ती का सोसायची, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

अकोलेकर_पुण्यात

राखेकाठचा दादा, वाचून गप्प झालो. आईंची काळजी घ्या.

वर्धाकाठ मॅडम, अवघडपणा आपोआप बदलतो हे मला माहीत होतं, पण "चांगलं मशीन म्हणजे कमी वीज" असं मी सवयीने बोलत आलो. ते मागे घेतो. सौर विजेचा मुद्दा मात्र कायम ठेवतो.

धुऱ्यावरचा

सौरचा हिशेब मीही केला, कारण भावाचा पुढचा प्रस्ताव तोच होता. पीएम सूर्यघर या छतावरच्या सौर पॅनेलच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळतं. तीन किलोवॅटचे पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला सरासरी बारा युनिट देतात. मशीन त्यावर पावणेचार तास चालेल, पुढे बंद. चोवीस तास चालवायचं तर वीसेक किलोवॅटचे पॅनेल आणि रात्रीची बॅटरी. आणि फक्त दुपारी चालवायचं म्हटलं तर लाखभराचं मशीन दिवसाचे वीस तास झोपणार, इकडे जगातली बाकी मशीन चोवीस तास पळत त्याला जुनं करणार. म्हणूनच मायनिंगवाले "जास्तीची वीज" म्हणत येतात आणि एकदा आले की रात्रीचीही मागतात.

शिवाय आपला उन्हाळा. मशीन जेवढी वीज खातं तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. चार मशीन म्हणजे तेरा किलोवॅटची शेगडी त्या गोठ्यात. कंपनीच्या कागदावर चाळीस अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलं आहे. मे महिन्यात आमच्या गोठ्यात सावलीत पंचेचाळीस असतं. आवाजही पंचाहत्तर डेसिबल, पिठाच्या गिरणीजवळ उभं राहिल्यासारखा, रात्रंदिवस.

आणि दुपारी वीज जास्त होणार असेल तर अकोलेकर भाऊ, ती वापरणारे आम्ही आहोत. पोटतिडकीने सांगतो. माझे वडील त्रेसष्ट वर्षांचे आहेत. रात्रपाळीचा आठवडा आला की ते बारा वाजता बॅटरी आणि काठी घेऊन गव्हाला पाणी द्यायला जातात. रानडुकरं आहेत, साप आहेत, आमच्या पट्ट्यात वाघही फिरतो. दिवसा वीज द्या म्हणून विदर्भातला कास्तकार किती वर्षं ओरडतो आहे. सौर वाहिनी त्यासाठी आली. ती वीज आधी सगळ्या वावरांत दिवसा पोचू दे.

संत्रापट्टा

दुसऱ्या देशांचं पाहा. जिथं वीज स्वस्त, बिल सरकार भरते, तिथंच ही मशीनं जातात. इराणमध्ये अनुदानाची वीज, म्हणून गर्दी झाली. २०२१ च्या उन्हाळ्यात शहरं अंधारात गेली आणि सरकारनं चार महिने मायनिंग बंद केलं. त्याच वर्षी चीननं हाकललं, तं मोठा लोंढा कझाकस्तानात गेला, तिथं कोळशाची स्वस्त वीज. थोड्याच महिन्यांत तिथंही तुटवडा. कोसोव्होच्या उत्तरेकडं लोक बिलच भरत नव्हते, तिथं मशीनं लागली, जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं बंदी घातली. धुऱ्यावरचाच्या भावानं जे गोठ्यात पाहिलं, तेच जगभर पाहून राहिले हे लोक.

टेक्सासचं सांगितलं तेही अर्धं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या रायट या मायनिंग कंपनीला वीज कमी वापरल्याबद्दल ३ कोटी १७ लाख डॉलरच्या सवलती मिळाल्या. त्या महिन्यात काढलेल्या बिटकॉइनच्या किमतीपेक्षा ते जास्त होते. ते पैसे बाकीच्या ग्राहकांच्याच बिलातून फिरून येतात ना.

वर्धाकाठ

टॅक्सचं राहिलं. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट तीस टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रांचा, सोयींचा खर्च त्यातून वजा करू देत नाहीत. वजा होतो तो फक्त खरेदीचा खर्च, आणि मायनिंगमध्ये खरेदीच नसते. म्हणजे तोटा झाला तरी कर भरावा लागू शकतो. भावाला हे सांगा.

अजून एक. आमच्या गावात मशीनसुद्धा न आणता "मायनिंगमध्ये पैसे लावा, महिन्याला दहा टक्के" म्हणणारे येऊन गेले. माझ्या एका सहकाऱ्याची ग्रॅच्युइटी त्यात गेली. नाव घेत नाही. त्यांनी एकदाही विचारलं नाही की हे मशीन कुठे आहे आणि त्याचं वीजबिल किती येतं. धुऱ्यावरचा यांनी तो रकाना बघितला, म्हणून ते वाचले.

धुऱ्यावरचा

काल भावाला फोन केला. तुमचे सगळ्यांचे मुद्दे वाचून दाखवले. डीपीवर तो फार बोलला नाही. कलम १२६ ऐकल्यावर म्हणाला, "मग तुझ्या नावाने नको, माझ्या नावाने नवीन कनेक्शन घेऊ." मी म्हटलं घे, औद्योगिक दराने घे, गोठा भाड्याने देतो, पण आधी त्या तक्त्यातल्या शून्याच्या जागी खरा दर घालून मला पाठव. रात्री त्याचा मेसेज आला, "बसत नाही." एवढाच. तो तक्ता देणाऱ्याला आगाऊ दिलेले वीस हजार त्याने परत मागितले आहेत, मिळतील का माहीत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, तो घरचाच आहे.

तारतंत्री दादा, तुम्ही डीपीचं लिहिल्यावर आम्ही बाराही जण एकत्र बसलो. असं पहिल्यांदाच बसलो. सहा मोटारींवर डीपीचा भार हलका करणारे कपॅसिटर नाहीत असं निघालं. शनिवारी वर्गणी काढून आणणार आहोत. पाच एचपीला केवढा लावायचा?

तारतंत्री

पाचले २ केव्हीएआर (हे कपॅसिटरचं माप), तीनले १, साडेसातले ३. आयएसआय पाहून घ्या.

पण त्याच्या आधी सगळ्यांचे ऑटो स्विच काढा भाऊ. लाईट आली की बाराही मोटारी एकाच टायमाले उठतात, डीपी तिथंच जाते. काढून टाका आणि पाळी लावा, दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं सुरू करा. शनिवारी मी मोकळा हाय, गाव सांगा, येऊन पाहून देतो.